विद्यापीठातील संशोधन प्रयोगशाळेचा वीज, पाणी आणि कचऱ्याचा भार कमी कसा करावा?

प्रयोगवही

नमस्कार. महाराष्ट्रातील एका राज्य विद्यापीठाच्या जीवशास्त्राशी संबंधित विभागात मी शिकवते आणि विभागातील सामाईक उपकरणांची जबाबदारी सध्या माझ्याकडे आहे. उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषासाठी आमच्याकडे नुकतेच ग्रीन ऑडिट, म्हणजे पर्यावरण लेखापरीक्षण, झाले. अहवालात झाडांची मोजदाद आहे, एलईडी दिवे आहेत, गांडूळखताचा खड्डा आणि पर्जन्यजल संकलनाची टाकीही आहे. मात्र ज्या मजल्यावर सर्वाधिक वीज खर्च होत असावी, त्याबद्दल ‘प्रयोगशाळा स्वच्छ व नीटनेटक्या आहेत’ एवढे एकच वाक्य आहे.

प्रत्यक्षात तिथे काय चालते ते सांगते. एका खोलीत जैविक नमुने साठवण्याचे उणे ८० अंशांचे पाच फ्रीझर आहेत आणि त्यांच्या कॉम्प्रेसरची उष्णता बाहेर काढण्यासाठी दोन एसी रात्रंदिवस सुरू असतात. शेजारच्या खोलीत काचेचा ऊर्ध्वपातन संच आहे; तो चालू असेपर्यंत कंडेन्सरमधून (वाफ थंड करणाऱ्या नळीतून) आलेले कोमट, पण पूर्णपणे स्वच्छ पाणी रबरी नळीतून थेट बेसिनमध्ये जाते, आणि त्याच इमारतीच्या गच्चीवरील टाकी उन्हाळ्यात टँकरने भरावी लागते. ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) दोन फ्लास्कसाठीही लावला जातो. पिपेटच्या टिप्स, ट्यूब आणि पेट्री डिशने भरलेल्या पिशव्यांची तर गणतीच नाही.

वीजबिल विद्यापीठाच्या मुख्य मीटरवर येते आणि वित्त विभाग ते भरतो, त्यामुळे आपला वापर किती हे विभागात कोणालाही ठाऊक नाही. स्वतंत्र निधी मिळण्याची शक्यता नाही. अशा स्थितीत सुरुवात कुठून करावी, आणि संशोधनाच्या गुणवत्तेला धक्का न लावता खरोखर फरक पडेल असे काय आहे?

हिमरेषा

मी पुण्यात पीएचडी करून सध्या ब्रिटनमधील एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे. माझ्या मते सुरुवात त्या पाच फ्रीझरपासूनच करावी, कारण ते वर्षाचे सगळे तास चालतात आणि त्यांचा खर्च सहज मोजता येतो. बाजारात प्लगला लावायचे ऊर्जामापक स्वस्तात मिळते. ते एकेका फ्रीझरला आठवडाभर लावून ठेवा. फक्त फ्रीझरचा प्रवाह पेलेल अशा क्षमतेचे घ्या आणि जोडणी विद्युत विभागाच्या माणसाकडून करून घ्या.

जुना फ्रीझर दिवसाला १५ ते २० युनिट सहज खातो, दाराच्या कडेला बर्फ साचलेला असेल तर त्याहूनही अधिक. १८ युनिट धरले तर वर्षाला ६,५७० युनिट होतात. आपल्या ग्रिडमध्ये कोळशाचा वाटा मोठा असल्यामुळे प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे एका फ्रीझरचे वर्षाचे साडेचार टनांहून अधिक उत्सर्जन झाले. दर युनिटला दहा रुपये धरल्यास हा एकच फ्रीझर वर्षाला ६५ हजारांवर जातो, आणि त्याची उष्णता उपसणाऱ्या एसीचा खर्च यात आलेलाच नाही. हे आकडे विभागाच्या बैठकीत मांडले की चर्चेचा सूर बदलतो.

पुढचे पाऊल म्हणजे तापमान उणे ८० वरून उणे ७० करणे. यामुळे वीजवापर साधारण तीस टक्क्यांनी घटतो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्यही वाढते. उणे ८० या आकड्यामागे जैविक कारण फारसे नाही. पाण्याचे काचेसारख्या अवस्थेत रूपांतर उणे १३५ अंशांच्या आसपास होते. त्याच्या वरच्या बाजूला उणे ७० आणि उणे ८० यांत मूलभूत भेद नाही. पूर्वीचे फ्रीझर उणे ६५ ते ७० वरच चालत. यंत्रे अधिक थंड होऊ लागली तसा नवा आकडा रूढ झाला. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर परिसरात अनेक प्रयोगशाळांनी डीएनए, आरएनए, प्रथिने आणि जिवाणूंचे साठे उणे ७० वर वर्षानुवर्षे ठेवले आहेत. जिवंत पेशी दीर्घकाळ टिकवायच्या असतील, तर त्यांची जागा तशीही द्रव नायट्रोजनमध्येच आहे.

इथे बऱ्याच विद्यापीठांत युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने विकसित केलेली लीफ नावाची चौकट वापरतात. प्रयोगशाळेने ठरावीक कृती पूर्ण केल्या की ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी श्रेणी मिळते. सुरुवातीला हा हौसेचा मामला होता. वेलकम ट्रस्ट आणि कॅन्सर रिसर्च यूके यांनी अनुदान घेणाऱ्यांसाठी अशा प्रमाणीकरणाची अट घातली, तेव्हा मात्र ज्येष्ठ प्राध्यापकही फ्रीझर रिकामे करायला स्वतः उभे राहिले.

भांडारनोंद

मी तांत्रिक साहाय्यक आहे आणि फ्रीझरचा अलार्म वाजला की रात्री फोन मलाच येतो, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. हिमरेषा यांचे गणित बरोबर आहे, परंतु ब्रिटनमधील वीज आणि आमच्याकडची वीज यांत फरक आहे. मे महिन्यात बाहेर ४३ अंश तापमान असताना वीज गेली आणि जनरेटर सुरू व्हायला उशीर झाला, तर उणे ८० वरून नमुने वितळण्याच्या धोक्यापर्यंत यायला जो अवधी मिळतो, तो उणे ७० वर कमी होतो. दहा अंशांची ही शिल्लक आम्हाला आधार वाटते. म्हणून माझा आग्रह असा की आधी वीज गेल्यावर जोडणी आपोआप जनरेटरवर नेणारी यंत्रणा आणि अलार्म यांची चाचणी घ्यावी, आणि मगच तापमान वाढवावे. एक फ्रीझर मात्र नेहमी रिकामा आणि थंड राखावा, असे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. एवढी वीज केवळ भीतीपोटी जाळणे परवडणारे नाही. भरलेल्या फ्रीझरमध्ये जागा राखून ठेवली तरी आणीबाणीत काम भागते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे देखभाल. फ्रीझरच्या खालची जाळी काढून पाहा. मागच्या फिल्टरवर धुळीचा करडा नमदा बसलेला असतो आणि कॉम्प्रेसर श्वास कोंडल्यासारखा धापा टाकत असतो. तो फिल्टर महिन्यातून एकदा धुवावा, भिंतीपासून किमान वीतभर अंतर ठेवावे, आणि दाराच्या रबरावरचा बर्फ लाकडी अथवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावा. स्क्रू ड्रायव्हरने कधीही काढू नये, कारण रबर फाटले की दार पुन्हा नीट बसत नाही. या कामाला एक रुपयाही लागत नाही.

आणि आत काय आहे ते एकदा पाहाच. पाच वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांच्या पेट्या, शाई पुसलेल्या ट्यूब, ‘हात लावू नये’ असे लिहिलेल्या आणि मालक नसलेल्या पिशव्या. प्रत्येक रॅकची नोंद संगणकावर घ्यावी आणि पीएचडीचे ना-हरकत प्रमाणपत्र देताना विद्यार्थ्याने आपल्या पेट्यांची यादी मार्गदर्शकांकडे सोपवली आहे की नाही, हे तपासावे. मॅडम, हे नीट झाले तर पाच फ्रीझरचे चार होण्याची शक्यता बरीच आहे. तीन फ्रीझरचे तापमान दहा अंशांनी वाढवून जेवढे वाचते, जवळपास तेवढे एक फ्रीझर बंद करून एका झटक्यात वाचेल.

रेणुबंध

रसायनशास्त्राच्या बाजूने काही भर घालतो. ऊर्ध्वपातन संचाच्या पाण्यासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे टब आणि मत्स्यालयात वापरतात तसा छोटा पंप. पाणी टबातून कंडेन्सरमध्ये आणि परत टबात फिरते. पाणी तापू लागले की थोडे बदलावे आणि काढलेले पाणी काचसामान धुण्यास वापरावे. निर्वातासाठी नळाला जोडायचा जलपंप अजून कोणी वापरत असेल तर तो आधी काढून टाकावा, कारण त्यासारखा पाण्याचा उधळा दुसरा नाही; लहान डायफ्रॅम पंपाने तेच काम होते.

फ्यूम हूडबद्दल, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटाबद्दल, परदेशी लेख वाचताना सावध राहावे. तिथे इमारत पूर्णपणे वातानुकूलित असते, हूड ही गरम किंवा थंड केलेली हवा सतत बाहेर फेकतो आणि म्हणूनच त्याची काच खाली ओढून ठेवल्याने प्रचंड ऊर्जा वाचते. आपल्याकडे बहुतेक जुन्या विभागांत खिडक्या उघड्या असतात; तिथे हूड केवळ पंख्याची वीज खातो. काच खाली ठेवावी, पण ती आपल्या सुरक्षिततेसाठी.

माझ्या विषयात खरी बचत अभ्यासक्रमात आहे. ॲसिटॅनिलाइड या संयुगाचे ब्रोमिनीकरण (त्यात ब्रोमीन जोडणे) पूर्वी ब्रोमीन आणि ॲसेटिक आम्ल घेऊन केले जाई. आता पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट वापरून ते जलीय इथेनॉलमध्ये करता येते, आणि ब्रोमीनच्या बाटलीची भीती संपते. पदवीच्या वर्गात प्रत्येकाने पाच ग्रॅमऐवजी अर्ध्या ग्रॅमवर प्रयोग केला, तर शिकण्यात काही कमी होत नाही आणि द्रावकांची मागणी एकदम खाली येते. क्रोमिक आम्लाने काचसामान धुण्याची परंपरा तर आजच थांबवावी. त्यातील सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि ते गटारात ओतणे बेकायदेशीरही आहे.

कचऱ्याबाबत एकच सांगतो: क्लोरीनयुक्त आणि क्लोरीनविरहित द्रावकांच्या बाटल्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. एकदा डायक्लोरोमिथेन ॲसिटोनमध्ये मिसळले की पुनर्प्राप्ती अवघड होते आणि सगळाच कचरा महागड्या भस्मीकरणाकडे जातो. तळोजा किंवा रांजणगावसारख्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रांकडे पाठवण्याइतका साठा एका विभागाचा होत नाही, म्हणून परिसरातील सर्व विभागांनी मिळून एकच सदस्यत्व घ्यावे.

प्रयोगवही

तिघांचेही मनापासून आभार. भांडारनोंद यांनी सुचवलेली पेट्यांची नोंद पुढील आठवड्यापासून सुरू करणार आहोत, आणि उणे ७० चा प्रयोग आधी केवळ प्लास्मिडच्या (जिवाणूंतील वर्तुळाकार डीएनएच्या) फ्रीझरवर करू. दोन शंका उरतात. प्लास्टिकचे काय? आमच्याकडे विद्यार्थी हजार टिप्सची सुटी पिशवी आणून त्या हातानेच डब्यांत भरतात, तेव्हा डब्यांचा कचरा तसाही होत नाही. दुसरे, सर्वांत जुना फ्रीझर आता दुरुस्तीपलीकडे गेला आहे आणि नवीन घ्यायचा तर नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी लागते. स्वस्त फ्रीझर हाच सर्वांत जास्त वीज खाणारा निघाला, तर काय करावे?

हिमरेषा

टिप्सच्या बाबतीत आपण इथल्या लोकांच्या पुढे आहात. इथे रिकामा डबा फेकून नवा भरलेला डबा उघडण्याची सवय मोडण्यासाठी मोहिमा काढाव्या लागतात. २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी अंदाज मांडला होता की जगभरातील जैविक संशोधनातून वर्षाला सुमारे ५५ लाख टन प्लास्टिक कचरा निघतो. तरीही सरसकट काचेकडे वळा असे मी म्हणणार नाही, कारण धुण्याचे पाणी आणि ऑटोक्लेव्हची वीज हिशोबात धरावी लागते, आणि आपल्याकडे पाणी टँकरचे आहे. पेशी वाढवण्याची माध्यमे आणि बफर द्रावणे काचेत ठेवा, पेशींच्या कामाला प्लास्टिक राहू द्या, आणि ऑटोक्लेव्ह ठरावीक दिवशी पूर्ण भरूनच लावा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत संशोधन व शैक्षणिक संस्थाही येतात. संसर्गित टिप्स आणि ट्यूब लाल पिशवीत नीट वेगळ्या झाल्या, तर निर्जंतुकीकरणानंतर ते प्लास्टिक पुनर्चक्रीकरणाला जाऊ शकते. पिवळ्या पिशवीत टाकले की ते जाळले जाते.

भांडारनोंद

मॅडम, कमीत कमी दराचा नियम निविदेतील तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांमध्येच लागू होतो, म्हणून लढाई अटी लिहितानाच जिंकावी लागते. ‘उणे ८० अंशांचा उभा फ्रीझर, ५०० लिटर’ एवढेच लिहिले तर काहीही गळ्यात पडते. त्यात अशी अट घाला की बाहेरचे तापमान ३२ अंश असताना आणि आतील तापमान उणे ७५ असताना चोवीस तासांतील वीजवापर अमुक युनिटपेक्षा अधिक नसावा आणि त्याचा चाचणी अहवाल जोडावा. ही मर्यादा किमान तीन उत्पादक पूर्ण करू शकतील अशी ठेवा, नाहीतर विशिष्ट कंपनीसाठी अट घातल्याचा आक्षेप येतो आणि फाईल परत फिरते. शीतकवायू हायड्रोकार्बन असावा, हेही लिहा. जुन्या यंत्रांतील आर-४०४ए हा वायू गळला तर त्याचा तापमानवाढीवरील परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट असतो.

जुना फ्रीझर ‘असू द्या, कधीतरी लागेल’ म्हणून कोपऱ्यात चालू ठेवू नका. बहुतेक विभागांत नवीन यंत्र आल्यावर वीज वाढते ती याच कारणाने. तो निर्लेखित (नोंदवहीतून कमी) करताना आतील वायू तंत्रज्ञाकडून काढून घ्यावा आणि यंत्र भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्यावे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रयोगशाळेतील उपकरणांचा स्वतंत्र वर्ग आहे, त्यामुळे लेखापरीक्षणातही ती पावती उपयोगी पडेल.