काउआई: किनारे, धबधबे आणि मागे फिरायच्या जागा

मंडळी, येत्या फेब्रुवारीत हवाईच्या काउआई बेटावर पुन्हा जायचं घाटतंय. 'पुन्हा' हे नावापुरतंच. दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांसाठी गेलो होतो, मुक्काम दक्षिणेला पोईपूत. दुसऱ्या दिवशी डबे भरून उत्तरेला निघालो, रस्ता जिथे संपतो त्या केए बीचवर. दीड तास गाडी हाकून पोचलो, तर नाक्यावरच्या बाईंनी हसतमुखाने विचारलं, "रिझर्व्हेशन?" हाएना स्टेट पार्कात बाहेरून आलेल्यांना आधी नोंदणी केल्याशिवाय प्रवेश नाही, हे आम्हाला तिथे गाडीच्या खिडकीत कळलं. गाडी वळवली. मागच्या सीटवरून लेकीने विचारलं, "झाला समुद्र?" तिसरा दिवस पावसात गेला.

या वेळी आईबाबा बरोबर आहेत (६८ आणि ७२, बाबांचा एक गुडघा बदललेला) आणि लेक ७ वर्षांची आहे. फोटो सगळीकडे आहेत, ते नकोत. तुमचं काय फसलं, कुठून मागे फिरलात, म्हाताऱ्या माणसांना कुठे नेलंत, पायात काय घातलं होतं, ते लिहा. किरकोळ वाटलं तरी लिहा.

*

हानाकापियाईचं लिहिते. नवरा आणि मी, दोघं चाळिशीतले, सह्याद्रीत बऱ्यापैकी हिंडलेले. त्यामुळे थोडी मिजास होतीच.

वाट केए बीचपासूनच सुरू होते. कलालाऊ ट्रेल एकूण ११ मैलांचा. त्यातले पहिले २ मैल हानाकापियाई बीचपर्यंत, आणि तिथून दरीत आत आणखी २ मैल गेलं की ३०० फुटी धबधबा. जाऊन-येऊन ८ मैल. (बीचच्या पुढे कलालाऊकडे जायचं तर वेगळं परमिट लागतं.) ८ मैल ऐकायला काही वाटत नाहीत. पण पहिला मैल नुसता चढ, तोही गोट्या-मुळांमधून, आणि चिखल असा की पाय उचलला की आधी 'पच्' आवाज येतो आणि मग बूट येतो.

बीचच्या तोंडाशी ओढा ओलांडावा लागतो. आम्ही पाहिली तेव्हा तिथे एक लाकडी पाटी होती: पाण्याजवळ जाऊ नका, न दिसणाऱ्या प्रवाहांनी इथे माणसं गेली आहेत. खाली बुडालेल्यांच्या रेघा कोरलेल्या, चार उभ्या नि एक आडवी, आपल्याकडे दुधाच्या हिशेबाला कॅलेंडरवर मारायचे तशा. नवरा मोजायला लागला. मी म्हटलं, चल. आम्ही डिसेंबरात गेलो होतो, वाळू जवळजवळ नव्हतीच, नुसते धोंडे. थंडीतल्या लाटा वाळू ओढून नेतात आणि उन्हाळ्यात परत आणून टाकतात. पोहायचा प्रश्नच नव्हता.

दरीतली वाट मात्र फार देखणी. बांबूचं बन, जुन्या कॉफी गिरणीचं उरलेलं धुराडं, वाटेवर पडून सडलेले पेरू. त्या पेरूंवर मी दोनदा घसरले. ओढा सारखा आडवा येतो. एका ठिकाणी सपाट काळ्या दगडावर बसून मी मोज्यातला खडा काढला, तेव्हा पाणी दगडाच्या बरंच खाली होतं.

धबधब्याशी पोचलो, पाय बुडवले, पाणी हाडं गोठवणारं. वरून दगड सुटतात म्हणून थेट खाली उभं राहायचं नाही, ते पाळलं. अर्ध्या तासात पाऊस आला. जोरात नव्हे, आपल्याकडे श्रावणात येतो तसा. आम्ही हसत परत निघालो. आणि खाली आलो तर माझा काळा दगड नव्हता.

म्हणजे होता, पण पाण्याखाली. पाण्याचा रंग दूध घातलेल्या चहासारखा, आणि वरून पानं, काटक्या, मधूनच एखादी फांदी वाहत येत होती. नवरा म्हणाला, "गुडघ्याइतकंच आहे, माझी काठी धर." तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एका स्थानिक पोराने दोन्ही पंजे खाली दाबून खूण केली: बसा. आणि तो स्वतः बसला. पलीकडेच, आमच्याकडे बघत. पाण्याचा आवाज इतका की बोलणं शक्य नव्हतं.

अडीच तास बसलो. हळूहळू आमच्या बाजूला ११ जण जमले. माझ्याकडचा चिवडा सगळ्यांत फिरला. नवऱ्याने काठावर काठी रोवली आणि दर दहा मिनिटांनी पाणी किती बोटं उतरलं ते बघायचा उद्योग लावून घेतला. आधी ते चार बोटं वाढलं. मग तासभर हललं नाही. मग दगडाचं एक टोक दिसलं. आम्ही ओलांडलं तेव्हा पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं, आणि तरीही ओढ जाणवत होती. केएला पोचेस्तोवर शेवटची शटल गेलेली. एका आजी-आजोबांनी आम्हाला चिखलासकट गाडीत घेतलं, सीटवर टॉवेल अंथरून.

बूट जाळीचे घेतले होते, पाणी निघून जातं म्हणून. बरोबर निघालं. मोजे मात्र तिथल्या तांबड्या मातीने कायमचे विटकरी झाले. आईबाबांना या वाटेवर नेऊ नका. बीचपर्यंतसुद्धा नाही.

*

वरच्या ताईंच्या ओढ्यावरून आठवलं. १४-१५ एप्रिल २०१८ ला हानालेईजवळ वायपा इथे २४ तासांत ४९.६९ इंच पाऊस झाला, म्हणजे साधारण १,२६२ मिलिमीटर. अमेरिकेतला २४ तासांचा तो विक्रम. आमच्या गाडीवाल्याने हा आकडा मोठ्या ऐटीत सांगितला. मी २६ जुलै २००५ ला कुर्ला ते मुलुंड पाण्यातून चालत गेलेला माणूस. म्हटलं, सांताक्रूझ, ९४४. त्याने गाडी बाजूला घेऊन हात मिळवला.

त्या पुरात हानालेईच्या पुढचा रस्ता खचला, तो पर्यटकांसाठी थेट जून २०१९ मध्ये उघडला. नोंदणीची पद्धत तेव्हापासूनची: दिवसाला बाहेरची ९०० माणसं, त्यापुढे नाही. माणशी ५ डॉलर, गाडी लावायची तर १० डॉलर वेगळे. त्रास होतो, पण त्यामुळे केएला श्वास घेता येतो हेही खरं.

आणखी एक. ओढ्यांशी लेप्टोस्पायरोसिसच्या पाट्या असतात. रानडुकरं, उंदीर यांच्या मुतातून पाण्यात येतो. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. पायाला चीर असेल तर धबधब्याच्या डोहात उतरू नका. माझ्या मेव्हण्याने ऐकलं नाही. त्याला काही झालं नाही, पण परत आल्यावर तीन आठवडे घरातल्या प्रत्येक शिंकेला "लेप्टो?" असं विचारून सगळ्यांना पिडलं.

*

फेब्रुवारी म्हणताय तर उत्तरेचा समुद्र फक्त बघायचा, हे घरात आधीच ठरवून टाका. थंडीत उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांच्या लाटा थेट उत्तर किनाऱ्यावर येतात. दक्षिण बाजू तेव्हा त्यामानाने शांत असते, उन्हाळ्यात उलट. आम्ही जानेवारीत हानालेईला राहायची घोडचूक केली आणि पोहायला रोज पोईपूला गेलो.

लहान मुलांसाठी वायलुआजवळचं लिडगेट. समुद्रातच मोठे दगड रचून दोन कुंडं केलीत, लाटा बाहेर फुटतात, आत मासे येतात. माझ्या मुलाने तिथे पहिल्यांदा पाण्यात डोकं घातलं आणि स्नॉर्कलच्या (श्वास घ्यायच्या) नळीतूनच ओरडायला लागला. सासूबाई साडी खोचून काठावर बसल्या होत्या, तासाभराने बघतो तर कमरेपर्यंत पाण्यात!

पोईपूला वाळूत मोठा ओंडका दिसला तर जवळ जाऊ नका, तो हवाईयन मंक सील असू शकतो. जगात १,६०० च्या आसपासच उरलेत. ५० फूट लांब राहायचं, पिल्लू असेल तर १५०. आमचा ओंडका तीन तास हलला नाही, मग जांभई देऊन कूस बदलली. टाळ्या पडल्या.

*

नात्याची परीक्षा घ्यायची असेल तर वायलुआ नदीत दोघांची कायाक घ्या. सुमारे दोन मैल वल्हवत आत जायचं, मग मैलभर चिखलातून चाललं की उलुवेही धबधबा. लोक त्याला 'सीक्रेट फॉल्स' म्हणतात. सीक्रेट कसलं, जत्रा होती. धबधबा मात्र १०० फुटांच्या वर आणि खाली उभं राहिलं की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. ते एक बरं झालं, कारण येताना आम्ही दोघं तीनदा झाडीत घुसलो होतो आणि दोष कोणाचा हे ठरलं नव्हतं.

जे आधी कुणी सांगितलं नाही ते सांगतो. जाताना वारा पाठीशी असतो, आपण तरबेज आहोत असं वाटतं. दुपारी परतताना तोच ईशान्येचा वारा तोंडावर. थांबलं की बोट मागे जाते. सकाळी लवकर जा. चपला नकोत. माझी एक चिखलाने गिळली, दुसरी मी रागाने कचऱ्यात टाकली.

*

सगळे भिजण्याचं लिहितायत म्हणून कोरडी तक्रार नोंदवतो. वायमेआ कॅन्यनमध्ये वायपोओ नावाचा ८०० फुटी धबधबा आहे. साडेतीन-चार मैलांची चाल, घाम गाळून पोचलो. आणि कुठे पोचलो? धबधब्याच्या डोक्यावर. पाणी पायाखालून पुढे जातं आणि नाहीसं होतं. धबधबा दिसत नाही! बाजूला छोटा, माणसाच्या उंचीचा एक आहे, त्याचे फोटो काढून लोक खूश. माझे गुरुजी म्हणायचे, राजाला बघायचं असेल तर त्याच्या खांद्यावर बसू नये. परत येताना रस्त्यावरच्या सज्जातून तोच धबधबा अख्खा दिसला, गाडीपासून वीस पावलांवर, समोर तांबडी-हिरवी तीन हजार फुटांहून खोल दरी. तुमच्या वडिलांना तिथे न्या. गुडघा खूश, वडील खूश. सकाळी जा, दुपारी ढग भरले की पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहावं लागतं.

*

मी सत्तरीची आहे, मुलगा घेऊन गेला होता. चढायचं नाही असं आधीच सांगितलेलं. तरी दोन धबधबे पाहिले, दोन्ही रस्त्यावरूनच. वायलुआ फॉल्सला कठड्याशी उभं राहायचं, समोर दोन धारा. दुसरा ओपाएकाआ. त्याचा अर्थ 'गडगडणारी कोळंबी'. पूर्वी पाण्यात कोळंबी गडगडताना दिसायची म्हणे.

हानालेईला वरून खोऱ्यात पाहिलं तर चौकोनी वाफे, पाणी भरलेले. मी म्हटलं भात लावलाय. उतरून जवळ गेलो तर अळू! मैलभर अळू. कालो म्हणतात त्याला. ते लोक मुख्यतः कंद खातात, कुटून पोई करतात. पोई मी चाखली, आंबूस, खळीसारखी. एवढं पान डोळ्यांसमोर आणि वडी नाही, याचं मला दोन दिवस दुःख झालं.

वायलुआलाच आपलं शंकराचं देऊळ आहे, काउआई आधीनम मठात. पांढरा ग्रॅनाइट, सगळं कोरीव काम बंगळुरूजवळ हाताने झालेलं, दगड जहाजाने नेले. कुंभाभिषेक मार्च २०२३ मध्ये झाला. आत स्फटिकाचं शिवलिंग, ७०० पौंडांचं. दर्शनाची वेळ आधी विचारून जा. आणि कोंबड्या! देवळात, बीचवर, विमानतळावर. १९९२ च्या इनिकी वादळात खुराडी मोडली, तेव्हापासून मोकाट झाल्या असं सांगतात. पहाटे तीनला बांग. कानात कापूस न्या.

*

मंडळी, किती लिहिलंत! आई हे सगळं मोठ्याने वाचून घेते आहे. अळूवर येऊन थांबली आहे, पुढे जायला तयार नाही.

ठरलं ते असं: मुक्काम पोईपूत, लेकीसाठी लिडगेट, बाबांसाठी सज्जातला वायपोओ, देऊळ. हानाकापियाई फक्त मी आणि हा, तेही आदल्या रात्री पाऊस नसेल तरच, आणि बरोबर चिवडा. हाएनाची नोंदणी ३० दिवस आधी, हवाईच्या मध्यरात्री उघडते. म्हणजे आमच्याकडे टेक्सासात पहाटे चार. गजर लावून उठले, पार्किंग मिळालं, केएला अर्ध्या दिवसाचं. आनंदाने ओरडले तर सगळं घर उठलं.

त्या जाळीच्या बुटांचं जरा सविस्तर लिहाल का? पुढचा भाग बंद होता की बोटं उघडी? लेकीसाठी घ्यायचेत.