लांगेत चार रात्री: एकच मुक्काम की रोज नवं गाव?

पायवाट (धागाकर्ता)

इटलीला वाइनसाठी निघालेल्या ओळखीच्या मंडळींचे कार्यक्रम हल्ली सारखे नजरेखालून जातात, आणि त्यात एक खोड ठरलेली. पिएमोंतेमधल्या लांगे टेकड्यांना चार रात्री दिलेल्या असतात आणि चारही वेगळ्या गावांत. आल्बा, बार्बारेस्को, ला मोरा, मोनफोर्ते. सोबत भाड्याची गाडी. माझं मत उलटं आहे: मुक्काम एकच ठेवा, ला मोराला. गाडी घेऊ नका. आणि दिवसाला दोनच वाइनरी.

बारोलो या लाल वाइनचा सगळा प्रदेश ११ गावांचा. आल्बा ते बारोलो गाव जेमतेम १५ किलोमीटर. एवढ्याशा जागेत रोज बॅगा भरायच्या, दहाला खोली सोडायची, नवी खोली दुपारी तीननंतर मिळणार, आणि मधला सगळा वेळ जीव डिकीतल्या सामानात अडकलेला. हाती राहतात ते अर्धेमुर्धे दिवस.

दोनच वाइनरी का, तर बारोलो ही शंभर टक्के नेब्बिओलो द्राक्षाची वाइन. तोडणीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवल्याशिवाय ती विकता येत नाही, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. एवढं करूनही तरुण बारोलो कच्च्या सुपारीसारखी जिभेला धरते. सकाळी एक, संध्याकाळी एक, एवढंच झेपतं. तिसऱ्या वाइनरीत मालक जीव तोडून सांगत असतो आणि आपण नुसती मान डोलावतो.

नमुन्याचा एक दिवस सांगतो. ला मोरा ५१३ मीटर उंचीवर, बारोलो खाली. वाट ब्रुनातेच्या द्राक्षमळ्यांतून उतरते. मध्ये ते रंगीत चॅपेल लागतं. नावालाच चॅपेल, खरं तर मळ्यात राबणाऱ्यांना पावसापासून आडोसा. १९९९ मध्ये चित्रकार सोल लेविट यांनी ते बाहेरून आणि डेव्हिड ट्रेमलेट यांनी आतून रंगवलं. खाली बारोलोच्या किल्ल्यात वाइनचं संग्रहालय आहे. जेवा, एक ठरवलेली वाइनरी करा, आणि चढ आहे म्हणून परतीला टॅक्सी. गाडी असेल तर हा दिवस होत नाही, कारण गाडी वर राहते आणि आपण खाली.


घाटवळण

गाडी नको म्हणणाऱ्यांनी एकदा ला मोराच्या थांब्यावर रविवारी बसची वाट बघावी. दिवस छान जातो, फक्त बस येत नाही. आठवड्याच्या इतर दिवशीही गाड्या शाळेच्या वेळांना धरून असतात. आणि टॅक्सी म्हणजे रस्त्यावर हात करून थांबणारी नव्हे, आदल्या दिवशी फोन करून ठरवायची. दोन वाइनरी आणि एक रात्रीचं जेवण, असा हिशेब चार दिवस केला की टॅक्सीच्या पैशात गाडी निघते.

पैशापेक्षा मोठा मुद्दा वेगळा आहे. ला मोरा आणि बारोलोकडची माती तुलनेनं नवी, निळसर चुनखडीयुक्त, तिथली वाइन लवकर खुलते. दरीपलीकडे सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेची माती जुनी, घट्ट. तिथली वाइन वर्षानुवर्षं राग धरून बसते. बारोलोची निम्मी गंमत या दोन उतारांच्या भांडणात आहे. तुमच्या पायी कार्यक्रमात माणूस एकच उतार बघून येणार आणि इकडे सांगणार, बारोलो पाहिलं. शिवाय कनेल्लीची जमिनीखालची तळघरं, नेइवे, बार्बारेस्कोचा बुरूज हे सगळं सोडायचं?

मुक्काम मात्र मीही रोज बदलत नाही. दोन रात्री सेर्रालुंगाच्या बाजूला, दोन बार्बारेस्कोच्या. बाटल्या डिकीत.


पायवाट

आणि गाडी चालवणार कोण? इटलीत रक्तात अल्कोहोलची मर्यादा १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. आपल्याकडे ३० आहे, म्हणून काहींना ते ऐसपैस वाटतं. पण एका टेस्टिंगला पाच-सहा ग्लास समोर येतात आणि बारोलो साधारण १४ टक्क्यांची असते. लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर मर्यादा थेट शून्य. वर आंतरराष्ट्रीय परवाना काढा, उजवीकडून चालवा, आणि आल्बाच्या जुन्या भागात नजरचुकीनं प्रतिबंधित रस्त्यावर शिरलात तर दंडाचं पत्र घरी येतं.


घाटवळण

थुंकायचं. प्रत्येक टेबलावर त्यासाठी भांडं असतं. चाखणं ज्यांचा धंदा आहे ते सगळे थुंकतातच.


पायवाट

लाखभर रुपयांचं तिकीट काढून, व्हिसाच्या रांगेत उभं राहून, बारोलोत जाऊन थुंकायचं? तुम्हाला जमत असेल तर साष्टांग नमस्कार.


म्युनिककर

दोघंही एकाच चुकीच्या टेकडीवरून भांडताय. मुक्काम आल्बालाच करावा. तोरिनोहून (ट्युरिन) आल्बाला रेल्वे येते, तासा-सव्वातासाचा प्रवास. स्टेशनवरून बॅग ओढत चालत हॉटेल गाठता येतं. शनिवारी बाजार भरतो, औषधाचं दुकान आहे, रात्री जेवायला चालत जाता येतं. ला मोरात रात्री साडेनऊनंतर आवाज येतो तो फक्त स्वतःच्या चपलांचा. दोन दिवस ड्रायव्हरसकट गाडी ठरवा, एक दिवस सेर्रालुंगा-मोनफोर्ते आणि एक बार्बारेस्को-नेइवे. चौघांत वाटलं तर अंगावर येत नाही. उरलेला दिवस विजेच्या सायकली, त्या तिकडे सहज भाड्यानं मिळतात.

व्हिसाच्या अर्जाला सगळ्या रात्रींच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. चार हॉटेलांपेक्षा एक बुकिंग केव्हाही बरं, आणि तेही रद्द करता येईल असंच घ्या.


निफाडकर

मी द्राक्षवाला, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा. कुठं राहायचं यावर इतकं चाललंय, पण कधी जायचं? धागाकर्त्यांनी महिना लिहिलेलाच नाही. ट्रॅव्हलवाले सगळ्यांना ऑक्टोबरात नेतात, कारण तेव्हा पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली वाढणारी महागडी बुरशी) जत्रा आणि द्राक्षाची तोडणी एकत्र येते. आमची काही बागायतदार मंडळी नेमकी तेव्हाच गेली. पस्तावलो म्हणत नाही, पण शिकायला गेलो होतो आणि फोटो काढून आलो. मालकाची बोटं जांभळी, खिशात फोन वाजतोय, ट्रॅक्टर अंगणात उभा. त्यानं घाईत ग्लास भरले, मुलीला बोलावलं आणि हा गायब. त्याची चूक नाही. आमच्याकडे माल निघत असताना कुणी पाहुणा येऊन छाटणी कशी करता विचारू लागला तर मीही हेच करीन.

बघण्यासारखं खूप आहे, पण त्याला निवांत माणूस समोर हवा. तिथं वेल थंडीत झोपते, म्हणून वर्षाला एकच छाटणी. आमची वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी (फांद्यांसाठी) वेगळी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) वेगळी. मांडवाखाली आम्ही उभे राहून घड तोडतो. तिथं वेल तारांवर सरळ उभी बांधलेली आणि घड कमरेच्या खाली, तोडणारा दिवसभर वाकलेला, तोही अशा उतारावर की पाय सावरायचे की कात्री ते कळू नये. त्या माणसाची पाठ बघितल्यावर बाटलीची किंमत जास्त वाटेनाशी झाली.

आणि बार्बारेस्कोची सहकारी वाइनरी चुकवू नका. १९५८ मध्ये गावच्या पाद्र्यानं १९ लहान शेतकरी गोळा करून ती काढली. चांगल्या सालात नऊ मळ्यांची वाइन वेगवेगळी भरतात. साल बरं नसेल तर वेगळं काही नाही, सगळा माल बार्बारेस्को नावाच्या एकाच वाइनमध्ये. म्हणजे भारी मळ्यावाल्याचा मालही साध्या बाटलीत. आमच्याकडे सहकारात असं काही सुचवलं तर सभा उधळेल.

माझं मत: मे अखेर ते जून. मुक्काम अ‍ॅग्रितुरिस्मोत, म्हणजे चालत्या शेतावर. तिकडच्या कायद्याप्रमाणे शेती खरोखर चालू असल्याशिवाय हे नाव लावता येत नाही. आणि शेत गावाबाहेर असतं, त्यामुळे गाडी लागणारच. पायवाट साहेब, माफ करा.


पायवाट

निफाडकर, शिकायला जाणाऱ्यांसाठी जून, मान्य. पण मी बोलतोय सुट्टीवर जाणाऱ्याबद्दल. त्याला धुकं, ट्रफल आणि लाल-पिवळी झालेली पानं हवी असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच.


म्युनिककर

आणि दरही ऑक्टोबर-नोव्हेंबरचेच. जत्रेच्या शनिवार-रविवारी हॉटेलवाले एका रात्रीला खोली द्यायला नाखूश असतात. ट्रफलचं तर काही ठिकाणी असं की वेटर छोटा वजनकाटा घेऊन टेबलाशी येतो, गड्डा तोलतो, ताटावर किसतो, पुन्हा तोलतो आणि फरकाचं बिल लावतो. थांब म्हणायचं आपणच. आपल्या माणसाला थांब म्हणायला लाज वाटते आणि तिथंच तो फसतो. ऑगस्टमध्ये मात्र चुकूनही नको. १५ ऑगस्टच्या आसपास निम्म्या वाइनरींना कुलूप.


मृद्गंध

तुम्ही सगळे ग्लासातच बुडालात. सोबत शाकाहारी सासूबाई असतील तर काय? आम्ही नेलं होतं, म्हणून सांगते. तिकडची मानाची पहिली ताटली म्हणजे कार्ने क्रूदा, कच्चं गोमांस. आन्योलोत्ती देल प्लिन हा भरलेला पास्ता, दिसायला इवलीशी गोंडस, आत मांस. बान्या काउदा भाज्यांसोबत येतं म्हणून निर्धास्त राहू नका, त्या रश्श्यात मासे विरघळलेले असतात. तरणोपाय म्हणजे ताजारिन, बारीक शेवयांसारखा पास्ता, लोणी आणि सेजच्या पानांत परतलेला. पण त्यात अंड्याची पिवळी भरपूर. अंडंही नको असेल तर कास्तेलमान्यो चीजमधले न्योक्की (बटाट्याचे छोटे गोळे) मागा आणि त्यात अंडं घातलंय का ते आधी विचारा. त्या चीजला वासराचं रेनेट (दूध गोठवायला त्याच्या पोटातून काढलेलं विरजण) लागतं, हे आम्ही सासूबाईंना सांगितलं नाही.

म्हणून मत स्वयंपाकघर असलेल्या घराला. गावातल्या घराला, शेतावरच्या नव्हे, कारण वाण्याचं दुकान खाली हवं. जेवणाच्या वेळा कडक आहेत. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद, ते साडेसातला उघडतं. मध्ये भूक लागली तर हेझलनट खा. फेरेरो कंपनी आल्बाचीच, १९४६ ची, तिथल्या टेकड्यांवर हेझलनट उगवतं म्हणूनच.

अवांतर: वाइन न पिणाऱ्यांनी मोस्कातो दास्ती चाखून बघावी. पाच टक्क्यांच्या आसपास, गोड, बुडबुड्यांची. सासूबाईंनी सरबत म्हणून घेतली.


घाटवळण

मृद्गंध ताई, सासूबाईंना माझ्याकडून दंडवत. पण तुमचं घर, निफाडकरांचं शेत, म्युनिककरांचा ड्रायव्हर, सगळ्यांना शेवटी चाकं लागतातच. एकट्या धागाकर्त्यांना लागत नाहीत.


पायवाट

लागतात. दुसऱ्याची. आणि तुमच्या डिकीतल्या बाटल्यांबद्दल: भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमाफ. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरी घेतली की सव्वादोन आणि वरच्या पाव लिटरवर भरमसाट कर. फार तर दोन पूर्ण आणि एक अर्धी. एवढ्यासाठी डिकी?


घाटवळण

आम्ही चौघं जातो. आठ पूर्ण, चार अर्ध्या. त्या घेऊन तुमच्या ब्रुनातेच्या चढावर कोण जाणार तेवढं सांगा. उरलेल्या जागेत मृद्गंध ताईंचे हेझलनट.