मदत हवी आहे: एक्स-रे स्वच्छ, कंबर मात्र आखडलेली

नमस्कार. मी देवगडची, वय ३३. मोठ्या भावाला अँकायलोझिंग स्पाँडिलायटिस (मणक्याचा सुजेचा संधिवात) आहे. तिशीतच त्याच्या माकडहाडाजवळचे सांधे जुळून एकसंध झाले. मला ४ वर्षांपासून तसंच दुखतं. पहाटे जाग येते, उठल्यावर तासभर कंबर आखडलेली, हालचाल केली की मोकळी होते. शिवाय टाचा आणि एक गुडघा. पहिली दोन वर्षं 'बाळंतपणाचं दुखणं' म्हणून गेली (हे ऐकलं नाही अशी बाई विरळाच!).

एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेला जनुक) पॉझिटिव्ह. सीआरपी (रक्तातली सुजेची तपासणी) नॉर्मल, एक्स-रेमध्ये काही नाही. शेवटी कोल्हापूरला एमआरआय केला, त्यात सॅक्रोइलियाक सांध्यांना (भावाचे जुळले तेच) सूज दिसली. नेप्रॉक्सेन ही सूज-वेदनेची गोळी दोन महिने घेतली, निम्मा फरक. व्यायाम रोज चालू आहे. आता डॉक्टर बायॉलॉजिक इंजेक्शन (शरीरातली सूज वाढवणारी प्रथिनं रोखणारं औषध) म्हणतायत. त्याआधी लागणारी टीबीची तपासणी झाली, ती ठीक आहे.

बायकांमध्ये मणके जुळण्याचा वेग सहसा पुरुषांपेक्षा कमी असतो, पण दुखणं कमी नसतं आणि या इंजेक्शनांचा गुणही सरासरीने कमी येतो, असं डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणून भावाच्या अनुभवावर जाता येत नाही. आणखी एक मूल हवं आहे, तेही ध्यानात घ्यायचंय. घाट चढून वारंवार जाणं जमत नाही, आंब्याच्या दिवसांत तर नाहीच.

ज्या बायकांना हा आजार आहे त्यांनी सांगा: एक्स-रे स्वच्छ असतानाच इंजेक्शन सुरू केलंत का, किती महिन्यांनी फरक कळला, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत संधिवाततज्ज्ञ ठरावीक दिवशी कुठे येतात?