'प्रवेश सर्वांना खुला' एवढं तरी छापा

विद्यापीठातल्या मैफली ओस पडतात कारण ग्वाल्हेरकरांना गाण्याची आवड उरली नाही, असं तुम्ही आयोजक मंडळी म्हणता. मला नाही पटत. बातमीच लोकांपर्यंत पोचत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका संस्थेत ख्यालगायन होतं. आत्याला गाण्याचं वेड. गुडघे दुखत असूनही ती शहरातल्या लष्कर भागातून रिक्षाने माझ्याबरोबर आली. सभागृहाला कुलूप! फलकावर एकाच टाचणीला लोंबकळणारा कागद, त्यावर छापलेली तारीख निळ्या पेनाने खोडून बाजूला दुसरी लिहिलेली. कार्यक्रम आदल्या दिवशीच झाला होता. आत्या कितीतरी वेळ पायरीवर नुसती बसून राहिली. अजून आठवलं की गलबलतं.

आणि हे गाव गाण्याचं. गायक कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये इथे संगीत विद्यालय काढलं, १९१८ मध्ये संगीततज्ज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, २००८ मध्ये तर संगीत आणि कलांचं स्वतंत्र विद्यापीठच आलं. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला.

पत्रिकेवर सभागृहाचं नाव, कोणत्या फाटकातून यायचं ते, आणि 'प्रवेश सर्वांना खुला' हे ठळक छापा. तारीख बदललीच, तर पहिला निरोप जिथे जिथे गेला तिथे तिथे नवाही जाऊ दे. शिवाय दोन ओळी मराठीत घाला. दौलतगंज भागातल्या मराठी वडीलधाऱ्यांना आपल्याला बोलावलंय असं वाटेल. पत्रिका द्या, दुकानादुकानांत लावायचं काम माझ्याकडे.