आरोग्य उपक्रम: बॅनर उतरल्यावर काय उरलं? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. एका छोट्या संस्थेच्या आरोग्याच्या कामात मी बरीच वर्षं लुडबूड करतोय. तपासणी शिबिरं, चालण्याचा ग्रुप, सीपीआर ट्रेनिंग (हृदय बंद पडलं तर छाती दाबून माणूस वाचवायचा प्रयत्न), ज्येष्ठांचा कट्टा, सगळं करून झालंय. उद्घाटन, टोप्या, ग्रुप फोटो सगळ्यांकडेच होतात, ते नको. कार्यक्रम संपल्यावर तुमच्यात, तुमच्या वस्तीत काही बदललं का, नसेल तर कुठे अडलं, ते लिहा. स्वयंसेवक, आलेले लोक, न आलेले लोक, सगळे चालतील. संस्थांची नावं टाकू नका प्लीज, जाहिरात नको आणि भांडणंही नकोत.

सुरुवात मीच करतो. बीपीचं टेबल. मोठ्या शिबिरात लाइन लांब, माणूस जिना चढून धापा टाकत आला की लगेच पट्टा गुंडाळा, आकडा चिठ्ठीवर, चला पुढचे या. खरं तर आधी पाच मिनिटं शांत बसवायला पाहिजे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या लेव्हलला आणि मोजताना गप्पा बंद, हे शेवटचं सगळ्यात अवघड. शिवाय एकदा १४०/९० च्या वर गेलं म्हणजे झाला बीपीचा पेशंट असं नसतं, दुसऱ्या दिवशी परत मोजावं लागतं आणि शिबिर तर एकच दिवस! म्हणून ते बंद करून आता दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी एक टेबल लावतो. गर्दी अजिबात नाही, फोटोला तर काहीच नाही. पण तीच माणसं परत येतात, आणि ज्यांचा आकडा जास्त त्यांना आमची ताई फोन करते, डॉक्टरकडे गेलात का, गोळी चालू आहे की बरं वाटलं म्हणून सोडली. माझ्या मते खरं काम तो फोन आहे, टेबल निमित्त.

*

मी आलेल्यांपैकी. चालण्याच्या ग्रुपात मुलीने बळंच नाव घातलं. वाटलं सगळे ट्रॅकसूटवाले सुसाट जाणार नि मी मागे एकटी. पण यांचा नियम असा की एक स्वयंसेवक शेवटी ठेवायचाच आणि त्याने कोणाच्याही पुढे जायचं नाही. पार्करन म्हणून बागेत एकत्र धावण्या-चालण्याचा उपक्रम आहे, त्यांचीही हीच पद्धत म्हणे. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ जण धावले तिथून ते सुरू झालं, तिथेही शेवटी चालणारा स्वयंसेवक असतोच म्हणजे आलेल्यांपैकी कोणाचा शेवटचा नंबर लागत नाही. डब्ल्यूएचओ आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, मध्यम म्हणजे बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. बोलायचं काय, त्यात आम्ही पास! गुडघे थांबलेले नाहीत, थोडे कमी कुरकुरतात इतकंच. पण हे गेल्यानंतर घरात दिवस दिवस तोंड उघडायचं कारण नव्हतं, आता एक दिवस दांडी मारली की दोघीजणी दारात हजर. त्याचा कधी कधी वैताग पण येतो, खरं सांगते.

*

माझा अनुभव कडू आहे. आमच्याकडे शिबिर झालं, बाबांची शुगर जास्त आहे असं तोंडी सांगितलं, किती ते नाही, रिपोर्ट नंतर देऊ म्हणाले तो आलाच नाही. उपाशीपोटी १२६ आणि जेवणानंतर १२६ यात जमीन-अस्मानाचा फरक असतो हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. फोटो मात्र त्याच संध्याकाळी आले. लाभार्थींच्या आकड्यात बाबा असणारच.

*

मी अशाच एका संस्थेचे हिशेब बघते म्हणून दुसरी बाजू. देणगीदार विचारतात किती लोक आले. किती जणांचं बीपी कंट्रोलमध्ये राहिलं हे सहसा कोणी विचारत नाही, ते कळायला वर्ष जातं ना. मशीनला पैसे मिळतात, बॅनरला मिळतात, फोन करणाऱ्या बाईचा पगार मागितला की "हा ॲडमिन खर्च झाला". आता आम्ही प्रपोजलमध्ये फॉलोअप वेगळा दाखवतो आणि तो कापला तर तपासणीही करणार नाही असं सांगतो. त्यापायी कामं हातची गेलीत, जाऊ देत. पण रिपोर्ट न देणं, त्याला पैशाचं कारण चालणार नाही.

*

पुरुष येतच नाहीत, काय करायचं?

*

सलूनमध्ये जा. मस्करी नाही करत. लॉस एंजेलिसमध्ये कृष्णवर्णीयांच्या ५२ सलूनमध्ये ३१९ पुरुषांवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. सगळ्यांचं बीपी वाढलेलं. काही सलूनमध्ये केस कापणाऱ्याने फक्त डॉक्टरकडे जा, सवयी बदला एवढंच सांगायचं, बाकी ठिकाणी फार्मासिस्ट तिथेच येऊन, डॉक्टरांशी ठरवून, औषध द्यायचे. सहा महिन्यांनी वरचा आकडा पहिल्यांचा साधारण ९ ने उतरला, दुसऱ्यांचा २७ ने. औषधच खुर्चीपाशी आलं की टाळणार कसं?

*

सीपीआरबद्दल. व्हिडिओ बघून येतंय असं वाटतं, येत नाही. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबायची आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची, दोन मिनिटांत घामाघूम, म्हणूनच दोन मिनिटांनी माणूस बदलतात. आमच्या बॅचमधल्या एका आजींच्या हातात तेवढा जोर नव्हता, सर म्हणाले तुम्ही अँब्युलन्सला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि जवळचा एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन, कुठे आहे ते माहीत करून घ्या. आजी बिल्डिंगभर विचारत फिरल्या, कुठेच नव्हता. आता प्रत्येक मीटिंगला तोच विषय काढतात, कमिटी त्यांना टाळायला लागलीय. आणि हो, रिफ्रेशर घ्याच, काही महिन्यांत हात विसरतो.

*

"न आलेले लोक" मध्ये मी. व्हीलचेअर वापरतो. दिव्यांगांसाठी खास आरोग्य मेळावा, आणि हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पोरं म्हणाली उचलून नेतो. नको म्हणलं.

*

जागा बघताना काय काय बघायचं ते लिहाल का? आमचा पुढचा कार्यक्रम ठरतोय.

*

रॅम्प असला तर उतार बघा, १:१२ पाहिजे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. बरेच रॅम्प घसरगुंडी असतात. नोंदणीचं टेबल बसलेल्या माणसाला दिसेल इतक्या उंचीचं. आणि टॉयलेट, ते तर कोणीच बघत नाही, दार अरुंद असलं की माणूस सकाळपासून पाणी न पिता तुमच्या आरोग्याच्या कार्यक्रमाला येतो. हॉल बुक करायच्या आधी कळवा, मी येऊन बघून देईन.