इंग्रजी 'मोल' : स्पेलिंग एक, शब्द किती?

पानखूण :
अनुवादाच्या कामात एम-ओ-एल-ई या स्पेलिंगचा 'मोल' वारंवार आडवा येतोय. त्वचेच्या लेखात तो तीळ, हेरकथेत फितूर, डंकर्कच्या लेखात सैनिक त्यावर रांगा लावून उभे, आणि एका पाककृतीत चक्क कोंबडीबरोबर शिजलेला! हे एकाच शब्दाचे अर्थविस्तार आहेत की वेगवेगळे शब्द? आणि प्राण्याला 'चिचुंदरी' म्हटलं तर चालेल का?

धातुसाधित :
वेगवेगळे शब्द. चांगल्या कोशात प्रत्येकाची नोंद स्वतंत्र असते, माथ्यावर छोटा आकडा देऊन. आधी तो आकडा बघायचा, अर्थ नंतर.

तीळ हा जुन्या इंग्रजीतल्या 'माल' म्हणजे डाग या शब्दातून आला. प्राण्याचं नाव मध्ययुगात डच-जर्मन बाजूच्या 'मोल'वरून आलं. त्याचं इंग्रजीतलं आणखी एक जुनं नाव 'मोल्डवार्प', म्हणजे माती उडवणारा. हेर हा मात्र या प्राण्याचाच अर्थविस्तार.

डंकर्कचा (दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य जिथून समुद्रमार्गे सुटलं ते फ्रान्सचं बंदर) 'मोल' लॅटिन 'मोलेस'चा, म्हणजे प्रचंड ढिगारा. समुद्रात दगड रचून लाटा अडवणारा बांध. १९४० साली तिथून सुटलेल्या सुमारे ३,३८,००० सैनिकांपैकी जवळपास २,४०,००० बंदरातून, बहुतेक या बांधावरूनच, बोटींत चढले. किनाऱ्यावरून गेले ते एक लाखाच्या आत. म्हणून इथे 'किनारा' लिहिलंत तर घटनाच बदलते. 'लाटारोधक बांध' लिहा. नुसतं 'धक्का' लिहिलं तर भाऊचा धक्का डोळ्यांपुढे येतो.

पाककृतीतला उच्चार 'मोले', दोन अक्षरं. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतला 'मोल्ली', म्हणजे रस्सा किंवा सॉस. 'ग्वाकामोले'च्या शेपटीत तोच आहे.

बीळवाला :
चिचुंदरी नको! ती म्हणजे 'श्रू'. लांब सोंड, बारीक पण दिसणारे डोळे, बाहेर आलेले कान, घरात शिरते, उग्र वास मारते. मोलचे डोळे केसांत जवळजवळ दडलेले, बाहेरचे कान नाहीत, पुढचे पंजे फावड्यासारखे आणि तळवे बाहेर वळलेले. जमिनीखाली राहून मुख्यतः गांडुळं खातो. म्हणजे उंदीर किंवा घूसही नव्हे, ते कुरतडणारे प्राणी. महाराष्ट्रात हा आढळतच नाही, त्यामुळे मराठी नाव शोधत बसू नका. 'मोल' ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला अर्ध्या ओळीत वर्णन द्या. वाक्प्रचारात मात्र प्राणी सोडून द्यायचा : मोलच्या ढिगाचा डोंगर म्हणजे आपला राईचा पर्वत.

द्रावण :
रसायनशास्त्र राहिलं. तो 'मोल' जर्मन 'मोलेक्यूल'चं लघुरूप, १८९०च्या दशकात विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी रूढ केलेलं. मोलेक्यूल हे 'मोलेस'चंच लघुत्ववाचक, म्हणजे छोटा ढिगारा. तेव्हा बंदरातला बांध आणि हा मोल लांबचे भाऊ. २० मे २०१९ पासून व्याख्या अशी : एका मोलमध्ये नेमके ६.०२२१४०७६ × १०^२३ कण.

खरी फसगत 'मोलर'पाशी होते. १ मोलर मिठाचं द्रावण म्हणजे ५८.४४ ग्रॅम, म्हणजे एक मोल, मीठ थोड्या पाण्यात विरघळवून एकूण द्रावण १ लिटर करायचं. '१ लिटर पाण्यात मीठ घाला' असं लिहिलं की आकारमान वाढतं आणि द्रावण किंचित पातळ होतं. १ किलो द्रावक ही अट 'मोलल'ची, तिथे शेवटी 'ल' आहे. आणि दंतवैद्याचा 'मोलर' म्हणजे दाढ, तो लॅटिन 'मोला'पासून, म्हणजे जातं. वैद्यकातली 'मोलर प्रेग्नन्सी' याच जात्याच्या घरची. तिच्यात गर्भाऐवजी वारेच्या पेशींची विकृत वाढ होते; तिला मराठीत द्राक्षगर्भ म्हणतात. तिथे 'दाढ'ही नको आणि 'तीळ'ही नको.

पानखूण :
आभारी आहे. हेराला 'घरभेदी' म्हणू का?

धातुसाधित :
घरभेदी म्हणजे आपल्यातलाच फुटलेला, बिभीषणासारखा. मोल बहुतेकदा आधीपासून पेरलेला असतो, वर्षानुवर्षं गप्प राहून पदं चढत जातो. 'पेरलेला हेर' बरं. तिळाबद्दलही एक : सपाट असेल तर तीळ, उंचवटा असेल तर मस. चामखीळ लिहू नका, ती विषाणूमुळे होते.