मदत हवी आहे: चेहरे उभट दिसतात, सबटायटल मागे पडतात (शनिवारी खेळ!)

वाळूकाठ: गुहागरला शनिवारी मंडळाचा खेळ आहे. तुरुंगातून पळालेला माणूस आपल्या गावी परततो तो जुना इंग्रजी पिक्चर. सगळ्यांचे चेहरे उभट दिसतात. मराठी सबटायटल आधी बरोबर, अर्ध्या तासात मिनिटभराहून जास्त मागे. लवकर सांगा.

खाडीपार: कुठला? ‘द चेस’ नावाचे जुने दोन आहेत. १९४६ चा कृष्णधवल, त्याची चौकटच चौकोनी. १९६६ चा आर्थर पेनचा, रंगीत, २.३५:१ (रुंदी उंचीच्या २.३५ पट). आणि डीव्हीडी की फाइल?

वाळूकाठ: ब्रँडो शेरीफ आहे तोच, दुसरा कुठला! डीव्हीडीवरून काढलेली फाइल, लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेयर.

मचवा: व्हीएलसीत ‘ए’ कळ दाबत राहा, २.३५:१ आलं की थांबा.

फ्रेमवाला: मचवा, तसं केलं तर पळालेला कैदी झालेला रेडफर्ड जाडा दिसेल. आपल्याकडच्या डीव्हीडीवर असं रुंद चित्र ७२०×५७६ ठिपक्यांत आडवं दाबून ठेवलेलं असतं, वरखालच्या काळ्या पट्ट्यांसकट. फाइल काढताना रुंदीची खूण गळली की ते जवळपास चौकोनी दिसतं. १६:९ वरच थांबायचं. १२ फूट रुंद पडद्यावर चित्र जेमतेम ५ फूट उंच पडेल. उरलेलं काळं भरायला क्रॉप करू नका, कडेची माणसं कापली जातात.

मचवा: आणि प्रोजेक्टरच ४:३ वर असला तर?

फ्रेमवाला: पेंटमध्ये गोल काढून पडद्यावर बघा. गोल लांबट दिसला तर दोष प्रोजेक्टरच्या सेटिंगचा, नीट दिसला तर फाइलचा.

सुरंगी: सबटायटलचं सांगते. तुमची फाइल सेकंदाला २५ चौकटींची, सबटायटल २३.९७६ च्या प्रतीवरून केलेली. तासाला अडीच मिनिटांचा फरक पडतो. ‘जी’ आणि ‘एच’ कळांनी सगळं नुसतं पुढेमागे सरकतं, वेग बदलत नाही. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट (सेकंदाच्या चौकटी) २३.९७६ वरून २५ करा, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, म्हणजे मराठी अक्षरं नीट राहतात. मग पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. व्हीएलसी ३ च्या आधीचं असेल तर जोडाक्षरं फुटतात, नवं घ्या.

वेंगुर्लेकर: पडदो दर्याच्या वेळेर लावतास? वारो धरलो काय शिडासारखो फुगतलो. चारय बाजूंन बांधा.

वाळूकाठ: सभागृहात आहे हो, वाऱ्याचा प्रश्नच नाही.

मचवा: १९६६ चा म्हणजे हक्कही संपलेत, बिनधास्त दाखवा.

खाडीपार: चुकीचं सांगू नका. भारतात ६० वर्षं पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. घरगुती डीव्हीडीत जाहीर खेळाचा हक्क येत नाही. हक्कदाराची लेखी परवानगी आहे का?

वाळूकाठ: ते अध्यक्ष बघतायत. गोल नीट दिसला, १६:९ केल्यावर चेहरे सुधारले. पण भंगारातल्या मोटारींचा रात्रीचा प्रसंग काळाकुट्ट.

फ्रेमवाला: प्रोजेक्टरचा इको मोड (दिवा मंद ठेवणारा) बंद करा. ब्राइटनेस चढवला तर काळा रंग राखाडी होतो, त्यापेक्षा व्हीएलसीतला गॅमा (मधल्या छटांचा उजेड) एक पायरी वाढवा. दारावरच्या फटीही झाका. तो प्रसंग दिसलाच पाहिजे, सगळं गाव तिथेच उघडं पडतं.

वाळूकाठ: सुरंगीताई, पहिला संवाद जुळला. शेवटचा मात्र सात-आठ सेकंद आधी येतो.

सुरंगी: मग तुमची सबटायटल २४ च्या प्रतीवरची आहेत. बदललेल्या फाइलवर पुन्हा बदल करू नका. मूळ घ्या, २४ वरून २५ करा.